दोन्ना व्हिओलान्तेला पिसं देणारी हंसी

मी रोक्काव्हेर्देच्या गढीतली सगळ्यात म्हातारी हंसी. आता तळ्यापर्यंतची उतरणही मला जड जाते. पण मित्रांनो, माझ्या डाव्या पंखाच्या पिसानं एकदा असं काही लिहिलं गेलं, की ते आठवलं तरी अंगावरची उरलीसुरली पिसं उभी राहतात.

मी वाढले स्वयंपाकीण बार्तोलाच्या पायाशी. मी लहान असतानाच दोन्ना व्हिओलान्ते बाईसाहेब विधवा होऊन भावाच्या घरी परतल्या. त्या कविता करत. त्यांची एक कविता कुणीतरी उतरवून बोलोन्या शहरात नेली आणि तिथं ती तोंडोतोंडी झाली. त्यांचे भाऊ, गढीचे मालक कोंते आस्कानिओ, भडकले.

"आपल्या घरच्या बाईचं नाव चारचौघांच्या तोंडी? या घरात पुन्हा लेखणी दिसता कामा नये!"

दौत, लेखण्या, कागद, सगळं त्यांनी बुरुजावरून खाली भिरकावलं.

बाईसाहेब रडल्या नाहीत. अंगणात माझ्याजवळ येऊन बसल्या. माझी पिसं गळायचे दिवस होते ते. त्यातलं एक लांब पीस त्यांनी उचललं. बार्तोलानं ते तापल्या वाळूत खुपसून कडक केलं, टोक तासलं, काजळी घोटून शाई केली.

"मला अक्षर येत नाही, बाईसाहेब. पण काळं कसं करायचं ते मला विचारा!"

कागद साखरेच्या पुड्यांचे. चुलीपाशी बसून त्या लिहायच्या, ओळ हळूच म्हणून बघायच्या, आणि कणीक मळणारे बार्तोलाचे हात आपोआप थांबायचे. कविता म्हणजे काय, मला कुठलं कळायला? पण मीसुद्धा मान वर करून गप्प उभी राहायचे.

काही वर्षांनी कोंतेंची सहा वर्षांची लेक नेल्ला तापानं गेली. तिच्या थडग्यावर कोरायला एका पंडितानं लॅटिन ओळी पाठवल्या. त्या हातात घेऊन कोंते स्वयंपाकघरात आले. नेल्ला दिवसभर तिथंच असायची.

"यात माझी पोर कुठंय?" ते म्हणाले.

बाईसाहेबांनी आपला पुडीचा कागद पुढे केला. बार्तोलाचा चेहरा पांढराफटक पडला.

कोंते वाचू लागले. त्या कागदावर नेल्ला होती: एका पायात मोजा नसलेली, माझ्या मागे धावणारी, पडली की आधी खळखळून हसणारी. तिसऱ्या ओळीपाशी ते थांबले.

"लेखणी कुणी दिली?"

"हिनं, मालक," बार्तोलानं माझ्याकडे बोट केलं. "कापायची तर कापा. पण फार चिवट आहे हो, दात पडतील."

कोंतेंनी कागद पुन्हा वाचला. मग ते पायरीवर बसले.

"व्हिओलान्ते, ती पडली की आधी हसायची. मी विसरलोच होतो गं."

त्या ओळी गढीतल्या देवळात, नेल्लाच्या थडग्याच्या दगडावर कोरल्या गेल्या. खाली बाईसाहेबांचं नाव मात्र कोंतेंनी कोरू दिलं नाही. पुढे बाईसाहेब वारल्या, बाकीचे कागद कुणी चुलीत घातले, कुणी बरण्यांवर बांधले. पण खेचरं हाकणारे लोकसुद्धा त्या दगडापाशी टोपी काढून उभे राहतात, कुणाकडून तरी ओळी वाचून घेतात आणि डोळे पुसतात. एका पिसातून एवढं कसं उतरलं, हे मला अजून उमगलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी चुलीपाशी बसून लिहीत असेल, तर तिचे कागद जपा. आणि एखादी ओळ काळजाला भिडली, तर ती कुणाची, हे नक्की विचारा. इथं कुणी विचारलंच, तर बार्तोला काठी टेकत उठते आणि साऱ्या देवळाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, "दोन्ना व्हिओलान्तेची!"