खालची कडी

लेकरू कडेवर, पिशवी खांद्यावर आणि कामाची वेळ टळत आलेली. कुठं ठेवू हिला? आपल्यातल्या कुणाला हा प्रश्न चुकलाय? त्या गल्लीत त्याला दोन उत्तरं होती: समोरासमोरची दोन पाळणाघरं. आणि ती चालवणाऱ्या दोघी एकमेकींच्या जावा.

थोरलीचं पाळणाघर जुनं, बिनपरवान्याचं. खोलीभर लेकरं, सांभाळायला ती एकटी. पण फी अगदी कमी. धाकटीचं नवं. सरकारी नियमाप्रमाणे लेकरं मोजकी, मदतीला दुसरी बाई, दारांच्या कड्या उंचावर. साहजिकच फी जास्त. दारावर परवान्याची निळी पाटी.

ती पाटी थोरलीच्या डोळ्यांत सलायची. लेकरांना थोपटता थोपटता तिची नजर खिडकीतून तिकडेच जाई. "माझ्याच हाताखाली शिकली," ती पुटपुटे, "आणि आता दुसरी बाई ठेवून बसलीय. नुसता मिरवायचा सोस!" तिकडून हसण्याचा आवाज आला, की हिच्या पोटात दुखे.

एका दुपारी एका बाळाची आई फाटकाशी आली. इस्पितळात नर्स होती ती. गॅसवर दूध ठेवून, दार ओढून थोरली बाहेर गेली.

"मावशी, पुढच्या महिन्यापासून बाळाला समोर ठेवीन म्हणते."

"का? तिथं सोन्याचे पाळणे टांगलेत?"

"तसं नाही हो..."

"मग माझ्या हातांना काटे आहेत?"

नर्स मान खाली घालून गेली. थोरली मात्र तिथंच, त्या पाटीकडे बघत, आतल्या आत जळत उभी. आणि मागे खट्ट वाजलं!

छोट्या ठमीनं आतून कडी सरकवली होती. कडेवर लेकरू असताना कोपरानंही लावता यावी म्हणून थोरलीनंच ती कमरेच्या उंचीवर बसवलेली. सरकवायला सोपी, काढायला घट्ट.

"ठमे, कडी काढ गं राजा!"

आत ठमी खुदकन हसली. दूध करपल्याचा वास आला. जिच्यावर जळत होती, तिलाच थोरलीनं हाक मारली, "धाकटे, धाव गं!"

धाकटी अनवाणी धावत आली. "जाऊबाई, तुम्ही खिडकीशी गा. पोरं तुमच्याकडे ओढा. मी मागून शिरते."

खिडकीचे गज धरून थोरली गाऊ लागली,

*खिडकीत ऊन आलं, उन्हाला किती पाय,*
*माझ्या गं चिमणीला मोजाया येतं काय?*

एकेक तोंड गजांशी आलं. ठमीही आली. तोवर मागच्या खिडकीची जाळी उचकटून धाकटी आत उतरली, तिनं गॅस बंद केला, दार उघडलं. गॅसशेजारच्या फडक्याला नुकती धग लागत होती.

थोरलीनं आत येऊन ठमीला पोटाशी धरलं. मग दचकून म्हणाली, "अगं, तुझी पोरं?"

"दुसरी बाई आहे ना त्यांच्याजवळ. म्हणून तर येता आलं."

थोरलीनं करपलेलं पातेलं खाली उतरवलं. ती म्हणाली, "पण चार घरची भांडी घासणारीनं तुझी फी कुठून आणायची? नियम करणाऱ्यांचं काय जातंय!"

"खरंय. मलाही जड जातो हा नियम. सरकारनं नियम केला, तर खर्चालाही हात लावावा. त्यासाठी भांडू, दोघी मिळून. पण तोवर आपली स्वस्ताई ठमीच्या जिवावर का?"

"मी जळत होते गं तुझ्यावर."

"खिडकीतून दिसायचं! मीही जळायचे, तुमच्या गाण्यावर. माझ्याकडे पोरं अशी धावत येत नाहीत."

आता दोन्ही खोल्यांवर एकच परवाना आहे, दोघींच्या नावाचा. कड्या उंचावर गेल्या. फी थोडी वाढली. ती सरकारनं उचलावी म्हणून जावा-जावा आयांना घेऊन कचेरीत खेटे घालताहेत. कुणी धाकटीचं जास्त कौतुक केलं, तर थोरलीला अजून जरासं टोचतं. मग ती गायला लागते.

वाचकहो, लेकरू सांभाळायला माया लागते, पण मायेलाही दोनच हात असतात. म्हणून नियम हवा! आणि त्याचा खर्च एकट्या आईच्या पदरात पडू नये, म्हणून आपण सगळे हवेत.