श्वासाच्या खुणा

आई ज्या खोलीत बसून पुस्तकं वाचायची त्या खोलीला वास होता, हे मला ती गेल्यावर कळलं. ओलं कुत्रं वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवावं तसा वास आणि त्यावर मारलेला गुलाबाचा स्प्रे. दारातच जिभेवर काहीतरी बुळबुळीत बसल्यासारखं झालं.

ती संस्था अंध लोकांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करते. आई तिथे नऊ वर्षं वाचक होती. स्टुडिओ म्हणजे न्हाणीघरापेक्षा जराशी मोठी खोली. खिडकी नाही. जमिनीवर गालिचा, भिंतींना आणि छताला करडा फोम, मध्ये टेबल, खुर्ची, माइक. काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारे काका. त्यांना सगळे कानसेन म्हणत, कारण दोन मजले खाली कुणी खुर्ची सरकवली तरी ते रेकॉर्डिंग थांबवत.

आई खोकायला लागली तेव्हा दमा ठरला. तीन वर्षं दम्याची औषधं झाली. मग छातीच्या डॉक्टरांनी विचारलं, घरात ओल आहे का, बुरशी, कबुतरं? आम्ही घर खरवडून काढलं. गाद्या टाकल्या, पडदे उतरवले. स्टुडिओचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. चपला बाहेर काढून आत जायचं, आत खायचं नाही. आमच्या लेखी त्याहून स्वच्छ जागा नव्हती. रजेवर असली की आईचा खोकला कमी व्हायचा. ‘तुझी फुप्फुसं कामचुकार आहेत,’ मी तिला म्हणायचे. ती हसायची आणि हसता हसता खोकायला लागायची. मी टीव्हीचा आवाज वाढवायचे.

शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, बुरशीची बारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली, फुप्फुसं कडक झाली. तोवर ती वेणी घालतानाही दमत होती.

ती गेल्यानंतर एकोणिसाव्या दिवशी व्यवस्थापकांचा फोन आला. तिची अर्धवट राहिलेली कादंबरी पुरी करायची होती. नवी वाचक मिळाली होती. आईची प्रत घरी होती, ती हवी होती. मी पुस्तक घेतलं आणि डॉक्टरांचं पत्रही. मला एवढंच हवं होतं, की त्या खोलीत यापुढे कुणी बसू नये.

व्यवस्थापकांनी पत्र वाचलं. घडी घातली.

“तुमचं दुःख मला कळतं. पण यात आमच्या खोलीचं नाव कुठे आहे? ‘बंद, दमट जागा’ म्हटलंय. अशा जागा गावात पन्नास असतील.”

“आत वास वरूनच येतोय. छत एकदा उघडून बघा.”

“एसी दरवर्षी साफ होतो. आणि तुम्ही आईंची रेकॉर्डिंग ऐका ना. शेवटच्या महिन्यातलीसुद्धा. एक खोकला सापडला तर मला सांगा.”

त्यांनी लावूनच दाखवलं. आईचा आवाज आला, धुऊन वाळत घातल्यासारखा स्वच्छ. पाच मिनिटं, दहा मिनिटं. खोकला नव्हता. साधं खाकरणंही नव्हतं. आणि ते समोर बसून चहा भुरकत होते.

तेवढ्यात नवी वाचक आली. असेल पंचवीसेक वर्षांची. “ताई, तुमच्या आईंचं ऐकूनच मी इथे आले,” असं म्हणत तिनं पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं. व्यवस्थापक तिला म्हणाले, “बसा आत. आज एक प्रकरण होऊन जाऊ दे.” मी काही बोलायच्या आत ती चपला काढून आत गेली. मी काकांच्या बाजूला, काचेपाशी उभी राहिले.

वाचक लोक पुस्तकात पेन्सिलीनं तिरक्या रेघा मारतात. जिथे रेघ तिथे श्वास. आईनं पुढची सगळी प्रकरणं घरी बसून अशी तयार करून ठेवली होती. मुलगी प्रामाणिकपणे रेघांबरहुकूम वाचू लागली.

“तो जिना... चढून... वर आला तेव्हा... दार... उघडंच...”

ती थांबली. पानं मागे उलटली, पुढे उलटली.

“काका, सुरुवातीला दोन ओळींना एक रेघ आहे. इथे दोन शब्दांना एक. असं का?”

“एकेकाची शैली असते,” व्यवस्थापक मागून म्हणाले.

“शैली कसली साहेब?” काका वळलेही नाहीत. “बाईंना श्वास पुरत नव्हता.”

“मग रेकॉर्डिंगमध्ये...” मी म्हटलं.

“खोकला मी कापायचो. एका पानाला तीस-तीस, चाळीस-चाळीस. बाई म्हणायच्या, ऐकणाऱ्याला त्रास नको.” आणि मग, सवयीनंच असेल, “सांधा कुठे कळतो का बघा.”

कळत नव्हता. त्यांच्या त्या कसबाची मला शिसारी आली. टीव्हीचा आवाज वाढवणारी मी त्यांना काय बोलणार होते?

“छतात काय आहे?” मी विचारलं.

काकांनी कानांवरचे हेडफोन काढून ठेवले. “बाहेरची हवा आत यायची जाळी आहे. तिची घरघर माइकमध्ये यायची. मी ती बुजवली.”

“कधी?”

“बाई आल्या त्याच वर्षी. रजई कोंबली.”

“आईला माहीत होतं?”

“त्यांनीच आणून दिली घरून. म्हणाल्या, आता कशी शांतता झाली.”

व्यवस्थापकांनी हात झटकले. “ठीक आहे, सोमवारी काढू. आजचं होऊ द्या. लोक पुढचा भाग कधी म्हणून फोन करतायत.”

आत मुलगी घसा खाकरत होती. मी दार उघडलं. “तुम्ही बाहेर या.”

तिनं माझ्याकडे बघितलं, मग साहेबांकडे. नोकरीचा दुसरा आठवडा होता तिचा. “साहेब, मी काय करू?”

“वाचा,” साहेब म्हणाले.

काका उठले. आपलं स्टूल घेऊन आत गेले, त्यावर चढले आणि दोन्ही हातांनी छताचा फोम ओढला. तो ओल्या खपलीसारखा सुटला. पाठीमागून काळा, चिकट. त्यांनी भोकात हात घातला आणि एसीचं पाणी पिऊन फुगलेला एक गोळा खाली ओढला. त्यावर हिरवट करडी लव उगवली होती. लवेत झुरळांची कवचं अडकलेली. भुरभुर करत भुकटी माइकवर पडली, उघड्या पानावर पडली, मुलीच्या केसांत पडली. ती तोंडावर ओढणी दाबून बाहेर धावली आणि बेसिनमध्ये थुंकत राहिली.

व्यवस्थापक कधीच पॅसेजमध्ये पोचले होते. नाकावर रुमाल. “शी शी शी! बंद करा ते दार! आजपासून कुणीही आत जायचं नाही. कुलूप लावा!”

पत्रानं झालं नाही ते वासानं झालं. अर्धं मिनिटही त्यांना तिथे काढवलं नाही. मला हवं ते मिळालं होतं, आणि ते असं मिळालं याचीही मला किळस आली.

कुलूप लागलं. काका रजई पोटाशी धरून पॅसेजमध्ये उभे होते, कुठे ठेवावी ते न सुचून. एका कोपऱ्यात मूळचा रंग शिल्लक होता. निळ्यावर पांढरे ठिपके. तापात मी तिच्याखाली झोपायचे.

झाडू मारणाऱ्या मावशी आल्या. रजई बोटानं उचलून बघितली. “धुतली तर निघेल अजून. ताई, नेता का घरी? आईची आठवण.”

“टाकून द्या,” मी म्हटलं.

त्यांनी काळी पिशवी आणली. रजई आत कोंबली. पिशवी फुगली. तोंड बांधण्याआधी मावशींनी तिच्यावर गुडघा ठेवला आणि आतली हवा दाबून बाहेर काढली. ती माझ्या तोंडावर आली. मी श्वास रोखून धरला, जमेल तितका वेळ.