ज्याच्या नावाचं माप

पारोळ्याच्या त्या घरात कानबाईचे रोट कधी उरले नाहीत, याचं श्रेय सगळे कानबाईला देत. खरं तर ते कुंदाला द्यायला हवं होतं. थोरली सून म्हणून ती या घरात आली, तेव्हापासून दर श्रावणात उरलेसुरले रोट तिच्याच पोटात जात होते.

कानबाई म्हणजे खानदेशात श्रावणात घरोघरी बसणारी देवी, आणि तिचे रोट म्हणजे पुरण भरलेले, तुपानं माखलेले, तळहाताएवढे जाड. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं गहू मोजून घ्यायचे, त्यांचेच रोट करायचे. लोकांकडे सव्वा मूठ घेतात. या घरात सव्वा शेर. कुंदाच्या आजेसासऱ्यांच्या काळी पंगतीला वीस-पंचवीस माणसं बसायची, सगळी नांगर धरणारी, तेव्हा ते माप ठरलं होतं. पुढे माणसं पांगली, माप तेवढं राहिलं. शिवाय रोट पुनवेच्या आत संपलेच पाहिजेत, आणि तेही घरच्याच माणसांनी खाल्ले पाहिजेत. शेजाऱ्याला द्यायचे नाहीत, गाईला घालायचे नाहीत, लग्न करून दिलेल्या लेकीलासुद्धा नाहीत. बायकांच्या नावाचं माप निघत नाही. खायला मात्र बायका चालतात, आणि बायका म्हणजे कुंदा.

बरं, कुंदा पंचाण्णव किलोंवर गेली ती काही एकट्या रोटांनी नव्हे. कालची खिचडी, मुलाच्या ताटातली अर्धी पोळी, पाहुणे गेल्यावर कढईला चिकटलेला शिरा, सगळं तिच्याच नावावर. अन्न टाकायचं नाही म्हणजे ते कुंदानं खायचं, असा या घराचा कायदाच होता. घरात खरकट्याच्या बादल्या दोन, एक मोरीत नि एक मी, असं ती स्वतःच म्हणायची, सगळे हसायचे, तीही हसायची. मग गुडघे गेले. जिन्याची चौथी पायरी चढताना ती कठड्याला धरून रडली, आणि त्या दिवसापासून हसणं बंद केलं. पहाटे उठून किल्ल्याच्या खंदकापर्यंत चालायला लागली, ताट लहान केलं, दोन वर्षं लागली, पण चौसष्टवर आली. गावानं तोंडात बोटं घातली. भाजीबाजारात बायका हात धरून विचारायच्या, काय खातेस गं, काय पितेस.

वजन उतरत असतं तोवर सगळे टाळ्या वाजवतात. ते जागच्या जागी ठेवायला लागलात की कुणी ढुंकून बघत नाही, कारण बघण्यासारखं काही घडतच नाही. आणि काही घडू नये म्हणून रोज मरमर करावी लागते. भूक तर पंचाण्णव किलोंचीच राहते. ती काही उतरत नाही.

गेल्या श्रावणात कुंदा तिथेच घसरली. देवाचं आहे, नाही कसं म्हणायचं, म्हणून धाकट्या दिराच्या वाटचे सगळे रोट तिनं संपवले. नुसत्या रोटांनी फार तर किलोभर वाढली असती. पण आता मोडलंच आहे तर मोडू दे, असं म्हणत ती जी खात सुटली ती दिवाळीपर्यंत. आठ-नऊ किलो परत आले आणि गुडघ्याची कळही आली. ते सगळं पुन्हा उतरवायला या आषाढापर्यंत वेळ गेला. तिसऱ्यांदा उतरवायची ताकद आपल्यात नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. या वेळी घसरलो की संपलंच.

या वर्षी सासू धुरपदाबाई गहू मोजायला बसली तेव्हा कुंदा समोरच होती. पितळी शेर भरभरून निघत होता. शालिग्रामचं माप, म्हणजे कुंदाच्या नवऱ्याचं. तेजसचं माप, म्हणजे मुलाचं. मग धाकट्या जीवरामचं आणि त्याच्या दोन पोरांचं.

"आई, जीवरामभाऊ येतील आणि तासाभरात जातील. त्यांची तीन मापं कोण खाणार?"

"नाव शे तर माप निंघी," धुरपदाबाई आपल्या अहिराणीत म्हणाली, नाव आहे तर माप निघणारच. तिच्या लेखी विषय संपला.

झालंही तसंच. रविवारी कानबाई बसली. जीवराम धुळ्याहून गाडीनं आला, सोबत बायको पुनम आणि दोन्ही पोरं. धुळ्यात त्याचं पंखे-मिक्सरचं मोठं दुकान, त्यामुळे घाई कायमचीच. नमस्कार झाला, फोटो झाले, ताटं वाढली. जीवरामनं अर्धा रोट खाऊन छातीवर हात चोळला, ॲसिडिटी म्हणाला. पुनमनं चव घेतली. पोरांना वाटेत वडापाव खायला घातलेला. टोपलीत रोटांचा ढीग तसाच.

"एवढे रोट राहिले रे भाऊ," शालिग्राम म्हणाला.

"वहिनी आहेत ना," जीवराम हात धुता धुता म्हणाला. "वहिनी असताना या घरात कधी काही उरलंय का? आणि वहिनी, आता पुरे झालं ते डाएट. गेल्या वर्षी दिवाळीला परत जुन्या वहिनी दिसल्या, तेव्हा कुठे घरात आल्यासारखं वाटलं."

सगळे हसले. कुंदा हसली नाही. देवी समोर बसली होती, म्हणून तिनं जीवरामला नुसता हात पुसायला टॉवेल दिला.

सोमवारी कानबाईला वाजतगाजत निरोप दिला. तेजसनं पुण्याला परत जायच्या आधी आपल्या वाटचे रोट मुकाट्यानं संपवले, तेवढं वळण त्याला आईनं लावलं होतं. शालिग्रामनं शुगरच्या गोळ्या सांभाळत आपले जमतील तसे खाल्ले, धुरपदाबाईनं त्यातलेच दुधात कुस्करून हातभार लावला. कुंदानंही खाल्ला. एक रोट, वर तूप, बाजूला गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, मांडी घालून, चवीनं, बोटं चाटत. बंदी तिची कशावरच नव्हती. बंदी होती ती ढिगावर.

बुधवारी सकाळी टोपलीत उरले होते ते जीवराम आणि त्याच्या पोरांच्या वाटचे. पूनव दोन दिवसांवर आली होती.

धुरपदाबाईनं एक रोट तव्यावर गरम केला, तुपाची धार सोडली आणि कुंदाच्या पुढ्यात सरकवला. "आखो एक ले ना वं. एकानी काय व्हस?"

आता खोटं कशाला सांगायचं, कुंदाच्या तोंडाला पाणी सुटलं. जायफळाचा वास थेट डोक्यात गेला. एकानं काय होतं, हे तिच्या मनानं सासूच्या आधीच म्हटलं होतं. खायचा, आणखी एक खायचा, मग टोपली रिकामी करायची, देवी खूश, सासू खूश, दीर खूश. नंतर कठडा धरून जिना चढायचा तो तिनं एकटीनं. तिनं ताटली परत सरकवली.

"माझा खाऊन झाला, आई."

"बठ्ठा सराले जोयजेत." सगळे संपायलाच हवेत, हे सासूचं पालुपद. " नही तर कानबाई रुसी जाई."

"कानबाई माझ्यावर कशाला रुसेल?" कुंदाचा आवाज चढला, आणि चढू दे, असं तिलाही वाटलं. "तुम्ही मापं काढलीत, मी ऐकत होते. माझं नाव कुठे आलं? एकदा तरी आलं का? माझ्या नावाचा दाणा त्या पिठात नाही. ज्यांच्या नावाचा आहे ते हात धुऊन निघून गेले. मग मी कुणाचं खाते इतकी वर्षं? गुडघे माझे गेले, आई. जीवरामभाऊंचे नाही गेले."

या सुनेनं धुरपदाबाईला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. तिचे डोळे भरले ते रागानं की भीतीनं, कुंदाला कळलं नाही. म्हातारीची श्रद्धा खरी होती, ढोंग नव्हतं त्यात. रोट उरले म्हणजे घरावर काहीतरी येणार, या धास्तीनं ती दोन रात्री नीट झोपलीही नव्हती. कुंदाला तिची कीव आली. पण कीव आली म्हणून खायला तोंड उघडायचं नाही, हेही ती एव्हाना शिकली होती.

तिनं फडक्यात रोट बांधले, टोपली काखेला लावली आणि चपला घातल्या.

"कथी जाई राह्यनी?" सासूनं विचारलं.

"धुळ्याला. ज्याचे त्याला खायला घालते. संपतील पुनवेच्या आत."

"घरना रोट गावना भाहेर?"

"घरच्या माणसाच्या तोंडात जाणार, आई. मग बाहेर कसे?"

धुरपदाबाईनं देव्हाऱ्याकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं. मग खुंटीवरची काठी काढली आणि पदर सारखा केला. "मी बी येस," ती म्हणाली. "तू काय तरी चुकशी."

एसटीत खिडकीशी सासू, शेजारी सून आणि सुनेच्या मांडीवर टोपली. कंडक्टरनं टोपली खाली ठेवा म्हटलं, तर म्हातारीनं त्याला असं काही पाहिलं की तो पुढच्या तिकिटाकडे वळला. दिराच्या दुकानात असं जाणं म्हणजे भांडण, आणि भांडण म्हणजे पुढची दोन वर्षं टोमणे. तरी कुंदा वाटेत उतरली नाही.

दुकानात गर्दी होती. जीवराम गिऱ्हाइकाला मिक्सर दाखवत होता. आई आणि वहिनी दारात उभ्या पाहून तो हबकला, कुणी गेलं की काय असं वाटून पुढे धावला. कुंदानं काउंटरवरचे कागद बाजूला केले, टोपली ठेवली, फडकं सोडलं, सोबत आणलेली ताटली मांडली. जायफळाचा वास दुकानभर पसरला.

"हे काय वहिनी?"

"तुमच्या नावाची मापं. पोरांचीही आहेत. क्लास कधी सुटतो त्यांचा?"

"अहो, घरी घेऊन जा, पुनमकडे द्या. संध्याकाळी बघतो मी."

"तुम्ही बघता म्हणजे काय होतं ते मी गेली पंचवीस वर्षं बघते आहे. हात धुऊन या."

गिऱ्हाइकं मिक्सर सोडून इकडे पाहायला लागली. जीवराम हसून वेळ मारून नेऊ पाहत होता. त्यानं आईकडे पाहिलं, आई नेहमीसारखी त्याची बाजू घेईल म्हणून. धुरपदाबाई स्टुलावर बसली होती, काठी दोन्ही हातांत धरून.

"खाय," ती म्हणाली. "तुन्हा नावनं माप शे."

आईपुढे बोलायची सोय नव्हती. जीवराम खायला लागला. पहिला रोट त्यानं हसत खाल्ला, छान झालेत म्हणाला. दुसरा पाण्याच्या घोटांनी ढकलला. मधेच त्यानं पोरांना फोन लावला. ती क्लासहून थेट आली, थोरल्यानं कौतुकानं दोन खाल्ले, धाकटा एकावर थांबला. पुनमही घरून आली, काय चाललंय ते पाहून तिनं एक उचलला आणि काउंटरमागे बसून मुकाट्यानं खाऊ लागली. जीवरामच्या कपाळावर घाम आला होता. पट्टा सैल झाला होता.

"आता होत नाही हो वहिनी," तो म्हणाला. आवाजात मस्करी उरली नव्हती.

"मलाही होत नव्हतं," कुंदा म्हणाली. "दर वर्षी होत नव्हतं. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही बोलले नाही. म्हणून आता बोलते. तुम्हाला जुन्या वहिनी हव्यात ना, कारण जुन्या वहिनी तुमच्या वाटचं गिळायच्या. त्या आता येणार नाहीत, जीवरामभाऊ. दिवाळीला नाही आणि कधीच नाही."

जीवरामनं पुढचा रोट उचलला आणि कसाबसा संपवला.

टोपलीत शेवटचा एक रोट होता. जीवरामनं तो ताटलीत घेतला, त्याच्याकडे पाहिलं, आणि सवयीनं, अगदी नकळत, ताटली कुंदाकडे सरकवली. त्याच्याही ते लक्षात आलं नव्हतं. पुनमनं वर पाहिलं. पोरंही कुंदाकडे पाहायला लागली, कारण शेवटचा घास मोठ्या आईचा, हे त्यांना जन्मापासून ठाऊक होतं. एकच होता. कुंदानं सकाळपासून काही खाल्लंही नव्हतं. तिचा हात टोपलीच्या कडेवर होता तो तिथेच राहिला.

तेवढ्यात काठी वाजली. धुरपदाबाई उठली, काउंटरपाशी आली आणि तिनं ती ताटली लेकाच्या पुढ्यात परत ढकलली.

"तिन्हा नावनं माप नही शे," ती म्हणाली. "तू खाय."

जीवरामनं तो शेवटचा रोट निम्मा पोरांना दिला, निम्मा स्वतः खाल्ला. टोपलीतला चुरा धुरपदाबाईनं बोटांनी गोळा करून त्याच्याच तळहातावर ठेवला. मग कुंदानं फडकं झटकलं, घडी घातली, आणि दोघी सासूसुना स्टँडवर आल्या. कुंदानं दोघींसाठी एक पपई चिरून घेतली आणि बाकावर बसून खाल्ली. भूक लागली होती, आणि ही तिची स्वतःची भूक होती.

गाडी धुळ्याच्या बाहेर पडल्यावर म्हातारी खिडकीबाहेर बघतच बोलली.

"पुढला साल तुन्हा नावनं बी माप लिसू."

"घ्या," कुंदा म्हणाली. "पण सव्वा शेर नको. सव्वा मूठ घ्या. आणि ते मी एकटीच खाईन, आई. त्यातला तुकडाही कुणाला द्यायची नाही."