अर्धी शाल

पर्वत पाटियाच्या चौकात, सकाळच्या धुक्यात, प्रमिलाबाईंना आपल्या मेलेल्या नवऱ्याची पाठ दिसली.

रिक्षाच्या हँडलवर ओणवलेली, उजवा खांदा किंचित उतरलेला. टिकल्या लावलेल्या साड्यांचा गठ्ठा व्यापाऱ्याकडे टाकून बाई घरी निघाल्या होत्या. पाय तिथंच खिळले. कोट आहे तो, नुसता कोट, असं स्वतःला बजावत त्या त्याच रिक्षात जाऊन बसल्या.

"क्यां जवुं छे, मासी?" तिशीतल्या रिक्षावाल्यानं मान वळवून गुजरातीत विचारलं. चेहरा परका होता.

"लिंबायत जानं शे, भाऊ."

अहिराणी ऐकून तो हसला. "मीबी तथलाच. भटू नाव शे मानं."

रिक्षा सुटली आणि ती पाठ पुन्हा समोर आली.

कापडाच्या लूमवर बनियनमध्ये राबणारा त्यांचा नवरा दगा गावाकडच्या लग्नाला मात्र कॉफी रंगाचा हा कोट घालून जायचा. खानदेशातली थंडी हाडं फोडणारी, पण आत स्वेटर घातला की कोट फुगतो, म्हणून गडी दात वाजवत मांडवात मिरवायचा. नखरे तरी किती! शेवटी प्रमिलाबाईंनी आपली लग्नातली हिरवी शाल मधोमध कापली आणि अर्धी कोटाच्या आतून बेमालूम शिवून दिली. वरून रुबाब तसाच, आत ऊब. दगा बटणं लावत म्हणाला होता, "आते तू शे माना संगे."

श्रावणात तो गेला. कोट खुंटीवरच राहिला. दिवा मालवला की भिंतीशी कुणीतरी उभं आहे असं वाटायचं, अन् बाई तोंड फिरवून पडून राहायच्या. दिवाळीच्या साफसफाईत बोहारीण आली तेव्हा त्यांनी कोट देऊन स्टीलचं पातेलं घेतलं. वाटलं, सुटले.

कुठलं सुटणं! रिकामी खुंटी जास्तच छळू लागली. हिवाळ्याच्या तोंडावर घरच्या माणसाला बाहेर काढलं, तेही एका पातेल्यासाठी. ते पातेलं त्यांनी चुलीवर चढवलं नाही, अन् उरलेली अर्धी शाल अंगावर घेतली नाही. थंडीत पदर आवळून हिंडायच्या. त्याला थंडी, तर मलाही थंडी.

"हाऊ कोट कोठे लिधा?" त्यांनी विचारलं.

"रविवारना जुना बजारमा. भलता ऊबदार शे, मावशी."

"माना मालकना शे तो. वारना ते. माले परत दे, भाऊ. त्याना बदलामा दुसरा लई देसू."

भटूनं रिक्षा बाजूला घेतली. कोट उतरवून त्यांच्या मांडीवर ठेवला. आत अर्ध्या बाह्यांचा विरलेला शर्ट होता. थंडीनं त्याच्या उघड्या हातांवर काटा उभा राहिला.

बाईंनी कोट उलगडला. हिरवी शाल तशीच होती. पण काखेत उसवलेल्या जागी काळ्या दोऱ्याचे जाड, वेडेवाकडे टाके होते.

"हाई कोनी शिवं?"

"मानी बायकोनी. तिले शिवता येत नही, तरी बसनी. म्हने, वारा शिरस."

बाई त्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिल्या. म्हणजे दगा रस्त्यावर पडला नव्हता. त्याला घर मिळालं होतं, वारा शिरू नये म्हणून काळजी करणारं माणूसही. डोळे भरून आले. त्यांनी कोट परत भटूच्या हातात दिला.

"घाल आंगमा. बटन लाई ले."

गल्लीच्या तोंडाशी त्या उतरल्या. "येस मावशी," भटू म्हणाला. लूमच्या पाळीला निघताना दगाही एवढंच म्हणायचा, येस, म्हणजे येतो. ती पाठ धुक्यात दिसेनाशी होईपर्यंत बाई उभ्या राहिल्या.

घरी येऊन त्यांनी पेटीतली शाल काढली. अर्धीच ती. पाठ झाकली तर छाती उघडी राहायची. बाईंनी पाठ झाकली, आणि स्टीलच्या पातेल्यात चहाचं आधण ठेवलं.