खारपाणातली जीभ

कौशल्येने मिठाची टोपली खड्ड्यात उलटी केली, वरून चार घागरी पाणी ओतलं आणि पदराने नाक दाबून ती मागे सरली. शेतखान्यामागच्या मैल्याच्या खड्ड्यावर फळी झाकताना तिने घराकडे पाहिलं. ओट्यावर कोणी नव्हतं.

"झालं. आता?"

"आता वाट पाहाची," मैनाबाई म्हणाली. गल्लीतल्या घरांचा मैला ती उपसायची. खराटा बाजूला ठेवून ती जमिनीतल्या भेगेपाशी उकिडवी बसली होती. वैशाखाने काळी जमीन फाडली होती, आणि एक भेग खड्ड्याच्या विटांपासून निघून विहिरीकडे गेली होती. मैनाबाईने तिच्यात हात घातला. तो कोपरापर्यंत गेला.

"मीठ विहिरीत निंघालं, तं खड्ड्यातलं बाकीचं बी निंघून राहिलं समजा. मीठ एकटं नाई जात, बाई."

समुद्रापलीकडे कुठे तरी लढाई पेटली आणि इकडे उमरावतीत कापसाला कधी न ऐकलेला भाव आला. सासऱ्यांनी, खुशालरावांनी, त्या भावात परसात पक्का शेतखाना बांधला. पाहुणा आला की पाय धुण्याआधी त्याला तो दाखवला जाई. गेल्या श्रावणात कौशल्येची थोरली हगवणीने गेली. सगळे म्हणाले, नशीब. धाकटी आता सात महिन्यांची होती आणि झिनुकाने, बाळाच्या शिंपल्याने, पाणी प्यायला लागली होती.

रोज सकाळी कौशल्या विहिरीचं ताजं पाणी आधी स्वतः चाखायची, मग मैनाबाईच्या ओंजळीत वरून धार धरायची. सहाव्या दिवशी मैनाबाईने घोट तोंडात घोळवला आणि बाजूला थुंकला.

"आलं."

"मले तर गोडच लागते."

"तुमी गोड्या पान्याच्या. माहं माहेर दर्यापुराकडं, खारपाणात, खाऱ्या पान्याच्या पट्ट्यात. तिथं विहिरीचं पानी तोंडात घेतलं का डोये मिटून सांगतो, कोन्या शिवारातलं हाये ते."

त्या दिवसापासून कौशल्या दोन घरं सोडून नत्थुजींच्या विहिरीवरून पाणी आणू लागली. तिसऱ्या दिवशी खुशालरावांनी तिला घागरीसकट दारात गाठलं.

"आपली विहीर आटली का?"

सासऱ्यांशी समोरासमोर बोलण्याची रीत नव्हती. कौशल्या दाराआड झाली आणि भिंतीकडे पाहत तिने सगळं सांगितलं, मिठाच्या टोपलीसकट. ती मधे थांबली नाही.

"मैना म्हंते, आन् तू ऐकतं?" खुशालराव हसले. "तिले नवा खड्डा खंदाचं काम पायजे असंन. बलाव तिले."

त्यांनी स्वतः जाऊन तीन लोटे भरून आणले आणि ओट्यावर मांडले. कोणता कुठला, ते फक्त त्यांनाच ठाऊक.

"लय मोठी जीभ हाये म्हंते तुही. सांग."

मैनाबाईने ओंजळ पुढे केली. कौशल्येने पहिला लोटा उचलला. धार हलत होती.

"सरळ धरा, बाई. मी काई पयून नाई जात."

पहिला घोट तिने गिळला. दुसराही गिळला. तिसरा जिभेवर टेकताच थुंकला आणि पदराने ओठ पुसले.

"पह्यले दोन एकाच विहिरीचे, मालक. नत्थुजीच्या. कावून फसवून राहिले? आन् हा तुमचा."

खुशालरावांनी तिसरा लोटा उचलून तोंडाशी नेला, थोडा वेळ तसाच धरला आणि न पिता खाली ठेवला. कौशल्येच्या मनात आलं, आपण ज्या पाण्याला आता शिवत नाही, ते हिने रोज तोंडात घेतलं, आपल्या लेकरासाठी. हिच्याही घरी लेकरं असतील. आपण एकदा तरी विचारलं का?

"बुजून टाकू?" खुशालरावांनी विचारलं. आवाज खालचा होता.

"बुजा. नवा उताराकडं खंदा, विहिरीपासून साठ पावलं. बुडालेबी विटा आन् चुना लावा, नुसत्या भिंती बांधून काय होते? रोज पऱ्हाटीची राख टाका. आन् अर्धा भरला का मले बलावा. वाहाले लागल्यावर नोका बलावू."

"दाखव कुठं."

मैनाबाई विहिरीपासून चालू लागली. मोठ्याने पावलं मोजत. तिच्यामागे चार हात अंतर ठेवून खुशालराव, त्यांच्याही मागे मुलीला कडेवर घेऊन कौशल्या. गोठा गेला, कडब्याची गंजी गेली. छप्पन्नवर मैनाबाई थांबली. समोर खुंट्या ठोकून सुतळी ताणली होती. येत्या गुरुवारी तिथे कापसाच्या नव्या वखारीचा पाया खणायचा होता. मुहूर्त काढून झाला होता, गवंडी ठरले होते.

"थांबली कावून?"

"पुढं तुमची वखार हाये, मालक."

"साठ म्हटलं होतं ना तू?"

"व्हय. इकडं दुसरीकडं उतार नाई."

खुशालरावांनी सुतळीकडे पाहिलं. मग मागे वळून नातीकडे पाहिलं. ती आजीकडे झेपावावं तशी मैनाबाईकडे झेप घेऊ बघत होती आणि कौशल्या तिला, सवयीने, मागे ओढत होती. कौशल्येचा हात सैल झाला.

खुशालराव वाकले आणि कोपऱ्यातली खुंटी दोन्ही हातांनी हलवू लागले.