डाव्या गालाचा फोटो

थोरलीने सफरचंद ओट्याच्या कडेवर दोनदा आपटलं आणि खिडकीजवळच्या स्टुलावर ठेवलं. अर्ध्या तासाने त्यावर तपकिरी डाग उमटला, तेव्हा तिने कॅमेरा डोळ्याला लावला. फोटोत सफरचंद नुकतंच बाजारातून आणल्यासारखं तुकतुकीत आलं. कॅमेरा 'ऑटो'वरच राहिला होता आणि त्याने आपल्या मनाने फ्लॅश मारला होता. डाग गायब.

"काय आपटतेयस मघापासून?" आतून धाकटीने विचारलं.

"शिकतेय."

धाकटी परवा सकाळी एका पिशवीनिशी बहिणीकडे आली होती. डावा गाल कानापर्यंत काळानिळा. "त्याने मारलं," एवढंच म्हणाली आणि चहा मागितला. सात वर्षांत नवऱ्याला ती पहिल्यांदाच 'तो' म्हणाली होती. डॉक्टरकडे जायला तयार नव्हती. फोटो हवे तर काढ, म्हणाली.

थोरलीने फोनवर काढले आणि वकीलबाईंकडे नेले. त्यांनी पाहिले न पाहिलेसे करून फोन परत दिला.

"यात तुमची बहीण लग्नाला निघाल्यासारखी दिसतेय. हे फोन चेहरा आपोआप गोरा करतात. चांगल्या कॅमेऱ्याने काढा, आणि लवकर. चार दिवसांत पिवळं पडेल. मग दाखवणार काय?"

थोरली शाळेत गणित शिकवायची. शाळेचा कॅमेरा चित्रकलेच्या सरांच्या ताब्यात असे.

"कशाचे फोटो काढायचेत, बाई?"

"फळांचे."

सरांनी पुढे काही विचारलं नाही. कॅमेऱ्यावरचं चाक फिरवून त्यांनी 'एम'वर, म्हणजे मॅन्युअलवर, आणलं. "हा दिसतो हुशार, पण अक्कल बेताचीच. समोर काळं असो की पांढरं, याला सगळं मध्यम करायचं असतं. तेव्हा याचं ऐकायचं नाही. भिंगाची खिडकी किती उघडायची, किती वेळ उघडी ठेवायची आणि आतल्या सेन्सरची नजर किती तीक्ष्ण ठेवायची, हे तीन निर्णय आपले. एक दुप्पट केलं तर दुसरं निम्मं."

दुप्पट-निम्मं तिला लगेच कळलं. पण दोन दिवस झाले तरी फोटो काही साधेना. पडद्यावरचा उजेड मोजणारा बारीक काटा शून्यावर आणला, की तिला उत्तर बरोबर आल्यासारखं वाटे. आणि फोटोत डाग पुन्हा फिका. इकडे आरशासमोर धाकटीच्या गालाचा जांभळा रंग कडेने हिरवट होत चालला होता. तो उतरतोय म्हणून थोरली दिवस मोजत बसे, आणि आपण बहिणीचा गाल बरा होऊ नये म्हणून देव पाण्यात ठेवलेत, हे लक्षात आलं की तिला स्वतःचीच किळस वाटे.

चौथ्या दिवशी सकाळी तिने धाकटीला खिडकीपाशी बसवलं. उजेड एका बाजूने, मऊ. मागे जुनं काळपट कपाट. काटा शून्यावर होता आणि गाल पांढराफटक येत होता. मग तिला उमगलं. कॅमेरा त्या कपाटालाच उजळ करू बघत होता आणि त्यात माणसाचा चेहरा धुऊन निघत होता. तिने शटरचा वेळ निम्मा केला. काटा शून्याच्या खाली सरकला. पुन्हा निम्मा केला.

"हनुवटी जरा वर. श्वास रोखून धर."

फोटो आला. थोरलीने तो मोठा करून पाहिला. चार बोटं मोजता येत होती. आणि जबड्याखाली, नुसत्या डोळ्यांना तिला एवढ्या दिवसांत न दिसलेला, आणखी एक वळ होता. फिका, पिवळसर.

"हा कधीचा?"

धाकटीने मान वळवली. "तुझ्या वाढदिवसाच्या आधीचा."

वाढदिवसाला ती गळ्याभोवती ओढणी गुंडाळून आली होती. सगळ्यांना हसवून हसवून बेजार केलं होतं तिने. जाताना ओढणीच छान आहे गं, असं थोरली म्हणाली होती.

"बघू," धाकटीने हात पुढे केला. बराच वेळ ती त्या छोट्या पडद्याकडे बघत राहिली. मग कॅमेरा मांडीवर पालथा ठेवला.

"शिकलीस की गं तू."

"दुपारी वकीलबाईंकडे जाऊ. आता कोणी नाही म्हणू शकणार नाही."

धाकटी उठली. आतून फोनवर हळू बोलल्याचा आवाज आला, आणि तासाभराने ती पिशवी घेऊनच बाहेर आली. केस विंचरलेले, गालावर पावडर.

"हे खाली आलेत," ती म्हणाली.

थोरलीला क्षणभर कोण ते कळेना. मग कळलं.

"वेडी आहेस का? आत्ता बघितलंस ना फोटोत?"

"बघितलं म्हणूनच. ते घेऊन मी पाच परक्या माणसांपुढे उभी नाही राहू शकत, ताई. ते मोठं करून बघतील. तू बघितलंस तसं."

थोरलीने तिचा दंड धरला.

"दुखतंय," धाकटी हळूच म्हणाली. थोरलीचा हात आपोआप सुटला.

दाराशी चपला घालताना धाकटी वाकूनच बोलली. "ते आकडे कुठेतरी लिहून ठेव. पुढच्या वेळी शोधत बसायला नको."

थट्टेत म्हणाली की खरंच, हे थोरलीला कळलं नाही. तिचा चेहरा दिसायच्या आतच धाकटी जिना उतरून गेली होती.

खाली रस्त्याकडेला तो गाडीबाहेर उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात पाण्याची बाटली. त्याने पुढे होऊन धाकटीच्या हातातली पिशवी घेतली, तिच्यासाठी दार उघडलं, ती नीट बसली की नाही ते वाकून पाहिलं. मग मान वर करून खिडकीकडे बघून हसला.

"येतो हं, ताई! जेवायला या एकदा."

समोरच्या घरातल्या बाई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. "गुणी जावई हो," त्या थोरलीला म्हणाल्या.

थोरलीने मान हलवली. गाडी वळणापर्यंत गेल्यावर तिला दिसलं, की आपला हात अजून वर आहे, आणि हलतोय.