टॅपेट वाजत होते

अंगणात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. शेजारच्या इमारतीच्या जिन्यातून, कुंपणाच्या भिंतीवरून, फाटकाच्या गजांमधून लोक माना उंच करकरून बघत होते. आणि बघण्यासारखं काय, तर एक जुनी निळी गाडी. बॉनेट बंद, इंजिन चालू. ड्रायव्हरच्या जागेवर गुडघ्यांपासून पावलांपर्यंत शाल पांघरलेले एक गुबगुबीत गृहस्थ डोळे मिटून बसले होते. मेलेल्यांचं बोलणं ते जिवंतांना समजावून सांगत, म्हणून सगळे त्यांना दुभाषी म्हणत.

गाडीसमोरच्या खुर्चीवर या घरच्या बाई बसल्या होत्या. त्यांचे यजमान हिवाळ्यात झोपेतच गेले होते. गाडी त्यांचीच.

"विचारा," दुभाषी म्हणाले. "ते ऐकतायत."

बाईंनी रुमाल मुठीत आवळला. "तिथे तुम्हाला बरं वाटतंय ना?"

इंजिनातून येणारी बारीक टिकटिक आधी संथ होती. मग ती एकाएकी लगबगीची झाली आणि पुन्हा संथ झाली. लगबग म्हणजे हो आणि संथ म्हणजे नाही, हे एव्हाना गल्लीतल्या पोराटोरांनाही पाठ झालं होतं. गर्दीतून समाधानाचा सुस्कारा निघाला.

दुभाषींनी मग नेहमीचं निरूपण केलं. इंजिनात काय असतं? अग्नी असतो, वायू असतो. आत्म्याला राहायला आणखी काय लागतं? त्यातही पेट्रोलच्या गाडीत तो लवकर रुळतो. डिझेलच्या गाडीत धूर फार, तिथे बिचाऱ्याचा जीव गुदमरतो. एका म्हाताऱ्यानं भीत भीत विचारलं की स्कूटर चालेल का. दुभाषींनी क्षणभर विचार केला आणि सांगितलं, चालेल, पण आत्मा सडपातळ हवा.

बाईंची लेक फाटकाशी उभी होती. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं तिचं काम. केसाच्या जाडीचा फरक हाताखालून गेला तर गिऱ्हाईक डोकं धरून परत येतं, हे रोज पाहणारी. ही टिकटिक कशाची आहे ते तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. टॅपेट वाजत होते.

इंजिनात हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी झाकणं असतात, ती व्हॉल्व्ह. वर एक दांडा फिरत असतो आणि त्याचे उंचवटे आळीपाळीने त्या झाकणांना दाबून उघडतात. दांडा आणि झाकण यांच्यामध्ये नाण्याएवढी एक पोलादी चकती बसवलेली असते, तिला शिम म्हणतात. चकती आणि दांडा यांच्यात अगदी किंचित फट ठेवायची असते. चकती झिजली की फट वाढते आणि फिरता उंचवटा दर फेरीला चकतीवर आपटतो. टिक. यालाच टॅपेट वाजणं म्हणतात. मग जरा जाड चकती बसवायची, आवाज जातो. बाबा हे काम घरीच करत, आणि लहानपणी लोहचुंबकानं चकती उचलून द्यायचा मान लेकीचा असे.

जायच्या आधी बाबांनी तिला फोन केला होता. टॅपेट वाजायला लागलेत, जाड चकती आणून ठेवली आहे, पण हात थरथरतात, एखाद्या सुट्टीला ये, असं म्हणाले होते. येते म्हणाली. एका सुट्टीला दुकानात काम निघालं, एका सुट्टीला तिला कंटाळा आला. नंतर फोन आला तो ते गेल्याचा.

पुढे कोणीतरी बॅटरी उतरू नये म्हणून गाडी सुरू केली आणि आई धावत बाहेर आली. चहाची वाट बघताना बाबा टेबलावर नखानं टकटक करत. तिला तेच ऐकू आलं. शेजारच्या काकूंनी दुभाषींना आणलं. ही टॅपेटची कटकट आहे असं लेकीनं तेव्हा सांगायचं, तर काम कोणासाठी अडून राहिलं होतं तेही सांगावं लागलं असतं. शिवाय आई जेवायला लागली होती, केस विंचरायला लागली होती. लेक गप्प बसली. पोरीनं आईचं मन राखलं म्हणून काकूंनी तिचं कौतुकही केलं. तिनं ते कौतुक नाकारलं नाही.

आज आईनं आणखी एक प्रश्न विचारला. रक्तदाबाच्या गोळ्यांनी पाय सुजतात, त्या बंद केल्या तर चालेल का? लेकीची नजर शालीकडे गेली. उजव्या पावलापाशी शाल किंचित हलली आणि टिकटिक लगबगीची झाली.

"चालेल म्हणतायत," दुभाषी म्हणाले. "आता तुमची काळजी ते घेणार."

संध्याकाळी एकटीला गाठून सांगू, असं लेकीनं ठरवलं. पण आईनं बऱ्याच दिवसांनी स्वतः स्वयंपाक केला होता आणि वाढताना ती चक्क गुणगुणत होती. गोळ्या घेतेस ना, एवढंच लेकीनं विचारलं. घेते की, आई म्हणाली. खोटं आहे हे दोघींनाही कळलं, आणि लेक जेवून आपल्या घरी गेली.

काही दिवसांनी आई न्हाणीघराच्या दारात पडली. इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं की गोळ्या बंद झाल्या, रक्तदाब चढला, मेंदूतली एक नस तुंबली. जीव वाचला, पण डावा हात लुळा पडला. गोळ्या बंद केल्याचं घरात कोणालाच ठाऊक नव्हतं का, असं त्यांनी विचारलं. कोणालाच नाही, लेक म्हणाली. डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले आणि ती तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली.

इकडे दुभाषींनी या प्रकाराचाही अर्थ लावला होता. यजमान पत्नीला न्यायला आले होते, आपणच मध्ये पडून रदबदली केली, म्हणून बाई वाचल्या. आई घरी आली त्या सकाळी अंगणात पूर्वीच्या दुप्पट माणसं होती. आईनंही आल्या आल्या गाडीसमोर खुर्ची मागितली. लेकीनं ती नेऊन ठेवली, आईला बसवलं आणि सरळ गाडीपाशी जाऊन ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं.

दुभाषींनी डोळे उघडायच्या आत तिनं शाल ओढली. उजव्या पायात चप्पल नव्हती. पायाचा अंगठा अ‍ॅक्सिलरेटरवर अलगद टेकलेला होता.

गर्दी पुढे सरकून वाकून बघू लागली. दुभाषी मात्र तयारीचे होते. पाय मी टेकवतो हे खरं, पण टेकवून घेतात ते, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मग गर्दीकडे वळून विचारलं, "आणि टकटक? ती काय मी माझ्या पायानं करतो?"

"नाही," लेक म्हणाली. "ती माझ्यामुळे होते."

तिनं दुभाषींना उतरायला लावलं आणि आईला हाताला धरून त्या जागेवर बसवलं. आईला गाडी चालवता येत नव्हती. लेकीनं तिचं उजवं पाऊल पेडलवर ठेवलं आणि मनात कुठलाही प्रश्न विचार म्हणून सांगितलं. आईनं पाय दाबला. लगबग. पाय उचलला. संथ. पुन्हा दाबला, पुन्हा उचलला. मग लेकीनं इंजिन बंद केलं आणि सगळ्यांना सांगितलं की टकटकीचं मूळही दाखवते, पण गरम इंजिनात फट मोजली तर माप चुकतं, निवेपर्यंत थांबावं लागेल. कोणी हललं नाही. दुभाषी चप्पल शोधत शोधत फाटकापर्यंत गेले आणि फाटकाबाहेरही शोधत राहिले.

वाट बघताना आई सगळं समजल्यासारखी बोलली.

"तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"मी गोळ्यांचं विचारलं तेव्हाही?"

"हो. शालीखाली त्याचा पाय हललेलाही मला दिसला होता."

आईनं नजर बॉनेटकडे वळवली. "त्या माणसाचं मला काही वाटत नाही," ती म्हणाली. "त्याचा धंदाच तो. तू सांगायचं होतंस."

लेकीनं बाबांच्या फोनचंही सांगितलं.

बॉनेटवर हात ठेवून लेकीनं इंजिन निवल्याची खात्री केली. वरचं कव्हर काढलं. दांडा हातानं फिरवत एकेका व्हॉल्व्हचा उंचवटा वर आणला आणि फटीत मापाची पातळ पाती सरकवली. सगळीकडे पाती अडखळत, घासून जात होती; एका ठिकाणी ती सैल हलली. काकूंना बोलावून तिनं त्यांच्याच हातात पाती दिली. काकूंनी घट्ट आणि सैल दोन्ही ठिकाणी सरकवून पाहिली आणि म्हणाल्या, "अगोबाई, इथं ढिलं आहे." मग लेकीनं दाबून धरायचं हत्यार लावून व्हॉल्व्ह खाली धरला, तेलानं चिकटलेली चकती लोहचुंबकानं उचलली आणि बाबांनी आणलेली चकती जाडीचा आकडा खाली करून बसवली. पाती पुन्हा लावली. आता तिथेही ती घासून गेली.

कव्हर बसलं, गाडी सुरू झाली. अंगणात फक्त इंजिनाची घरघर होती. आईनं मान थोडी पुढे केली, जणू काही राहून गेलेलं ऐकू येईल. काही आलं नाही. तिचे डोळे भरले, आणि लेकीला वाटलं की आपण बाबांना आत्ता, या हातांनी घालवलं.

"गेले का ग ते?" काकूंनी हळूच विचारलं.

"काकू, ते गेले त्याच दिवशी गेले."

लोक पांगायला लागले. आईनं त्यांना थांबायला सांगितलं आणि लेकीला म्हणाली, "मला सांगितलंस तसं त्यांनाही सांग."

लेकीला असं बोलायची सवय नव्हती. तेलकट हात पुसत ती अडखळत म्हणाली, "आवाज आला तर बॉनेट उघडून बघा. येत नसेल तर ज्याला येतं त्याला बोलवा. गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, गाडीला नको. कोणी बघू देत नसेल, तर तिथेच काहीतरी लपलंय असं समजा. आणि ज्याला खरं ठाऊक आहे, त्यानं कोणाचं मन राखायला गप्प बसू नये. मी बसले. आईचा हात बघा."

सगळ्यांनी पाहिलं. आईनं तो मांडीवर तसाच ठेवला, झाकला नाही.